पाहण्याची अदब

परळच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधलेला तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता. दादीने त्यात मेंदी लावली होती. ईदच्या आदल्या रात्री साऱ्या मजल्यावरच्या मुलींचे हात त्या एका झाडावर रंगत. एका वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मेंदीत बुलबुलाने घरटे केले. दादीने एक जुनी चादर काढली, कठड्याला आडवी बांधली आणि आम्हा भावंडांना बजावले, ‘‘तिकडे सारखे बघत बसू नका. बाळंतीण आहे ती.’’

आम्ही बघितलेच. दुपारची नमाज पढून दादीचा डोळा लागला की आम्ही स्टूल घेऊन चादरीच्या कडेने डोकावत असू. आधी तीन अंडी दिसली, मग तीन उघड्या चोची. आम्ही जवळ गेलो की बुलबुल उडून समोरच्या विजेच्या तारेवर बसे आणि ओरडत राही. आम्हाला वाटे, ती गाते आहे. समोरच्या चाळीच्या कौलांवर एक कावळा बसलेला असे. त्याच्याकडे आमचे लक्ष नव्हते. त्याचे मात्र आमच्याकडे होते. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते.

दादी आम्हाला रागावली नाही. चादर सोडून घडी घालताना एवढेच म्हणाली, ‘‘कावळ्याला वाट तुम्हीच दाखवलीत.’’

या गोष्टीला आता खूप वर्षे झाली. चाळ गेली, दादी तर त्याआधीच गेली. पण तो एक प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही. आम्ही घरट्याला हात लावला नव्हता, अंडे फोडले नव्हते, दगड मारला नव्हता. आम्ही फक्त बघितले होते. नुसते बघणे हा गुन्हा असू शकतो का? आणि असेल, तर ज्यांनी आयुष्यभर पशुपक्ष्यांकडे बघण्याचेच काम केले, त्यांनी तो हिशेब कसा मांडला असेल?

हा प्रश्न मनात घेऊन दूर कुठे जायची गरज नाही. परळहून निघावे आणि गिरगावात खेतवाडीत यावे. गल्ल्यांच्या आकड्यांनी आणि उंच गणपतींनी ओळखल्या जाणाऱ्या या खेतवाडीत शंभर वर्षांपूर्वी एक पोरका मुलगा मामाच्या घरी वाढत होता. डॉ. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. दहा भावंडांतले ते शेंडेफळ. वडील मोईझुद्दीन आणि आई झीनत-उन-निसा, दोघेही ते तीन वर्षांचे होईपर्यंत गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भाच्यांना सांभाळले. घरात बंदुका होत्या, शिकारीचा शौक होता. मुलाच्या हातात छऱ्याची बंदूक आली आणि घराच्या आसपासच्या चिमण्या हे त्याचे सावज झाले.

पक्षिशास्त्रज्ञ म्हणून जगभर नाव झालेल्या या माणसाची पहिली नोंद त्याच वयातली, सुमारे १९०६-०७ ची आहे. ती वाचताना आम्ही नेहमी अडखळतो. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसलेली, नर बाहेरच्या खिळ्यावर राखण करीत बसलेला. मुलाने उभ्या घोडागाडीच्या आड दबा धरला आणि नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. मुलाने त्यालाही टिपले. सात दिवसांत त्याने त्या एका खिळ्यावरचे आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला, असे वहीत लिहून ठेवले.

दहा वर्षांच्या मुलाने ही नोंद ठेवली, याचे कौतुक झाले आहे आणि ते योग्यही आहे. पुढे होणारा शास्त्रज्ञ तिच्यात दिसतो. पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले तर ही नोंद दोन गोष्टी एकदम सांगते. एक, त्यातून मिळालेले ज्ञान खरे आहे. जोडीदार गेलेल्या चिमणीला लगेच दुसरा जोडीदार मिळतो, म्हणजे आसपास घर नसलेले पुष्कळ नर असणार. दोन, या ज्ञानाची किंमत आठ जिवांनी मोजली आणि त्यांना कुणी विचारले नव्हते.

यानंतर १९०८ साली तो प्रसिद्ध प्रसंग घडला. मारलेल्या चिमण्यांत एक निराळी निघाली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवले. १८८३ साली आठ जणांनी स्थापन केलेल्या या सोसायटीच्या कपाटांत पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण होते. मिलर्डसाहेबांनी चिमणी ओळखली आणि ते खण उघडून दाखवले. खेतवाडीच्या मुलाला एक नवे जग दिसले. तेही मेलेल्या पक्ष्यांचे होते, हे विसरता येत नाही.

मग जिवंत पक्षी कधी दिसला? आमच्या मते तो दिसला १९३० साली, किहीमला. ती गोष्टही मोठी शिकवणारी आहे. सालिम अली जर्मनीहून बर्लिनच्या संग्रहालयात प्रोफेसर स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकून परतले होते. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा पैशांअभावी उरली नव्हती. पदरी विद्या होती, नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे महिने ते लपणात बसून त्या घरट्यांकडे बघत राहिले. बंदूक नाही, सापळा नाही. एक जागा, एक वही आणि हातात भरपूर रिकामा वेळ.

त्यांना जे दिसले ते तोवर कुणी नीट सांगितले नव्हते. घरटे विणतो तो नर. गवताच्या आणि पात्यांच्या चिरफळ्या आणून, शेकडो खेपा घालून तो अर्धे घरटे विणतो. त्या अवस्थेत ते उलट्या टोपासारखे दिसते. मग माद्या येतात आणि चालून, ओढून, चोचीने चाचपून बघतात. पसंत पडले तर एक मादी तिथे राहते. मग नर नळीसकट घरटे पुरे करून देतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट बघतो. पसंत न पडलेली अर्धवट घरटी तशीच लोंबकळत राहतात. त्या निरीक्षणांवरचा लेख १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि सालिम अलींचे नाव पक्षिशास्त्रात पक्के झाले.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. आपण मराठी माणसांनी या पक्ष्याला नाव काय दिले? सुगरण. बाईचे नाव. घर नीटनेटके करणारी, हाताला गुण असलेली ती सुगरण. पिढ्यान् पिढ्या आपण विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी ती घरटी बघितली आणि आपल्याच घरातली बाई त्या पक्ष्यात बघून मोकळे झालो. घर सांभाळणारी आपल्याकडे बाई, तेव्हा तिकडेही बाईच असणार. आमचे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते, जन्मभर त्यांनी विणले. घरटे नर विणतो हे त्यांना कुणी सांगितले असते तर त्यांना नवल वाटले नसते. विणकर पुरुषही असतो हे त्यांना ठाऊक होते. पण भाषेने नाव ठरवताना साचेखात्याला विचारले नव्हते.

म्हणजे न छेडता बघणे याचा पहिला अर्थ पक्ष्याला न घाबरवणे एवढाच नाही. आपल्या मनात आधीपासून जे चित्र आहे, ते त्याच्यावर न लादणे हाही आहे. बंदूक बाजूला ठेवणे त्या मानाने सोपे. डोक्यातले चित्र बाजूला ठेवायला महिनेच्या महिने बसावे लागते.

पण आम्ही सालिम अलींची गोष्ट गोड करून सांगू इच्छित नाही. किहीमनंतर त्यांनी बंदूक टाकून दिली, असे झालेले नाही. देशभरच्या पक्षी-सर्वेक्षणांत त्यांनी नमुन्यांसाठी पक्षी मारले. त्या काळच्या शास्त्राची ती रीतच होती आणि तिची गरज ते उघडपणे मांडत. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले, ज्याने हजारो घरांत दुर्बिणी आणल्या. त्याच्या मागे ते कपाटांतले खण आहेत. डिलन रिप्ले यांच्यासोबत १९६८ ते १९७४ या काळात निघालेल्या दहा खंडांच्या मागेही आहेत. आम्ही ते पुस्तक उघडून ‘हा तांबट, हा दयाळ’ असे ओळखतो तेव्हा त्या खर्चात आमचाही वाटा असतो. हात स्वच्छ ठेवून ज्ञान मिळाले, असे म्हणायची सोय नाही. एवढे मात्र म्हणता येईल की आठ चिमण्यांची वही आणि सुगरणीची वही यांत फरक आहे. बंदुकीने विचारलेल्या प्रश्नाला पक्ष्याने बंदुकीपुरतेच उत्तर दिले. बसून राहिलेल्या माणसाला त्याने आपले जगणे दाखवले.

आता कुणी म्हणेल, चिमणी-सुगरणीचे ठीक आहे. पण जिथे बघणारा आणि बघितला जाणारा यांच्यात फार अंतरच नाही, तिथे काय? चिंपांझी हा आपला जवळचा भाऊबंद. तो आपल्याकडे बघतो, आपल्याला ओळखतो, आपल्याला टाळतोही. १९६० च्या जुलैमध्ये सव्वीस वर्षांची जेन गुडाल टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात गेली, तेव्हा सुरुवातीचे महिने चिंपांझी तिला लांबून बघताच पळून जात. ती रोज एका टेकडीवर जाऊन बसे. त्याच रंगाचे कपडे, तीच जागा, तीच शांतता. हळूहळू त्यांनी तिला सहन करायला सुरुवात केली. त्याच वर्षी तिने एका चिंपांझीला गवताची काडी वाळवीच्या वारुळात घालून वाळवी बाहेर काढताना पाहिले. हत्यार वापरणारा एकटा माणूस, ही समजूत त्या काडीने मोडली. नुसते बसून राहण्याचा हा केवढा मोठा मोबदला!

पण पुढची गोष्टही सांगायला हवी. तिच्या तंबूत येऊन एका चिंपांझीने केळी उचलली. मग केळी मुद्दाम ठेवली जाऊ लागली, पुढे खाऊ घालण्याची जागाच तयार झाली. जे जंगलात महिनोन् महिने दिसत नव्हते ते आता रोज समोर दिसू लागले. आणि ते बदलले. एरवी पांगून खाणारे प्राणी एका जागी गर्दी करू लागले, केळ्यांवरून भांडू लागले. ही चूक गोंबेतल्यांच्याच लक्षात आली आणि केळी कमी करत आणली. १९७४ ते १९७८ या काळात तिथल्या चिंपांझींच्या दोन गटांत जीवघेणा संघर्ष झाला. तेव्हापासून वाद सुरू झाला, की हा त्यांचा स्वभाव की आपल्या केळ्यांचा परिणाम? २०१४ साली अठरा चिंपांझी-समूहांची माहिती एकत्र करून शास्त्रज्ञांनी सांगितले की अशा हिंसेचा माणसाच्या हस्तक्षेपाशी संबंध दिसत नाही. म्हणजे केळी बहुधा निर्दोष सुटली. पण ती सुटायला चाळीस वर्षे लागली. एकदा आपण मध्ये हात घातला की समोर दिसते ते त्यांचे किती आणि आपले किती, हा संशय सहजासहजी धुऊन निघत नाही. छेडछाडीने प्राण्याचे नुकसान होते, तसे सत्याचेही होते.

याहून कठीण उदाहरण आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातले आहे. तिथे कुणी केळी ठेवली नव्हती. संशोधक फक्त मागे मागे जात होते. चिंपांझी श्वासाच्या रोगाने मेले, तेव्हा तपासात माणसाकडून आलेले विषाणू सापडले. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. आपल्याकडे जी साधी सर्दी समजली जाते, ती त्यांच्या पिल्लांना घेऊन गेली. बघणाऱ्याचा श्वाससुद्धा निरुपद्रवी नव्हता. आता अशा ठिकाणी तोंडाला मास्क, काही मीटरांचे अंतर आणि आजारी माणसाला बंदी असे नियम असतात. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. जिथे संशोधक होते त्या भागात चिंपांझी जास्त टिकून होते, कारण बघणारी माणसे असली की चोरटे शिकारी फिरकत नाहीत. बघणाऱ्याने रोग आणला आणि बघणाऱ्यानेच राखणही केली.

आमच्या लहानपणीच्या कावळ्याने आम्हाला वर्षानुवर्षे एकच शिकवले होते, की बघू नये. ताईच्या जंगलाने ते उत्तर अपुरे ठरवले. कुणीच बघत नसेल तर बुलबुल कावळ्याच्या हवाली होते आणि जंगल करवतीच्या. सालिम अलींच्या पिढीने बघितले म्हणून भरतपूरच्या पाणथळीचे आणि सायलेंट व्हॅलीच्या जंगलाचे नाव दिल्लीत घेतले गेले. ज्याच्याकडे कुणी बघितलेच नाही त्याच्या बाजूने साक्ष कोण देणार?

मग बघावे तर कसे? आमच्या परळ-लालबागच्या माणसाला याचे उत्तर शिवडीला मिळू शकते. हार्बर लाइनवर उतरून बंदराच्या दिशेने चालत गेले की खाडीचा चिखल लागतो. १९९० च्या दशकापासून हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, हजारोंनी येऊ लागले. डोके उलटे करून चोचीने चिखलपाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खाणारा हा पक्षी. भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि खाणे थांबते. म्हणजे त्याला पोट भरायला मोजकेच तास मिळतात.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी आम्ही घरची आणि शेजारची मुले घेऊन तिथे गेलो होतो. ओहोटी होती, पक्षी लांब होते, दुर्बिणीत गुलाबी ठिपक्यांएवढे. मुले कंटाळली. मोठी माणसेही कंटाळली. आमच्यातल्याच एकाने, नाव सांगत नाही कारण तो आमच्या घरचाच आहे, दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवून आरोळी ठोकली. उडताना पंखांतला लाल रंग दिसतो, त्याचा फोटो हवा होता. जवळचा थवा उडाला, फोटो छान आला. थवा लांब जाऊन उतरला आणि बराच वेळ नुसताच माना उंच करून उभा राहिला. शेजारी एक म्हातारा कोळी जाळे दुरुस्त करत बसला होता. तो म्हणाला, ‘‘कशाला उठवलात? भरती लागली की पाणी त्यांना ढकलत इकडेच आणते. दोन तास बसला असता तर तुमच्या पायाशी आले असते.’’

आम्ही बसलो. त्या दिवशी ते आमच्या बाजूला आले नाहीत. पुढच्या खेपेला भरतीचे वेळापत्रक बघून गेलो, चूपचाप बसलो आणि पाण्याबरोबर थवा खरोखरच सरकत सरकत जवळ आला. त्यांच्या चोचींचा पाण्यातला आवाज ऐकू येत होता. आमच्या जवळ जाण्याने नव्हे, त्यांच्या जवळ येण्याने ते घडले होते. या दोहोंत सगळा फरक आहे. आज त्याच शिवडीच्या चिखलावरून अटल सेतू जातो, तो १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. ठाणे खाडीचा वरचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, शिवडी त्यात नाही. तिथल्या पक्ष्यांचे रक्षण कायद्याच्या पाटीपेक्षा बघणाऱ्यांच्या वागण्यावर जास्त अवलंबून आहे.

या सगळ्याचा विचार करताना आम्हाला आपल्या घरातल्या शिकवणुकीची आठवण होते. कुरआनात एका ठिकाणी माणसाला दुसऱ्याच्या खाजगीत डोकावण्याची, पाळत ठेवण्याची सक्त मनाई आहे. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय पाऊल टाकू नका असे सांगितले आहे. आणि त्याच ग्रंथात उंटाकडे बघा, आभाळात पंख पसरून तरंगणाऱ्या पक्ष्यांकडे बघा असा आग्रहही आहे. बघा आणि डोकावू नका, या दोन आज्ञा एकमेकींच्या विरोधात आहेत का? आम्हाला तसे वाटत नाही. पंखांनी उडणारे जीवही तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असे तिथेच म्हटले आहे. ज्यांची उम्मत आहे त्यांचे घर आहे, आणि घर आहे तिथे उंबरठाही आहे. हदीसमध्ये पिल्ले उचलली गेल्याने घिरट्या घालणाऱ्या एका पक्षिणीची हकीकत आहे. पैगंबरांनी हिला दुःख कुणी दिले असे विचारून पिल्ले परत ठेवायला लावली. दादी लिहायला-वाचायला शिकली नव्हती. तिने चादर बांधली तेव्हा ती याच उंबरठ्याची चादर होती.

अडचण ही की माणसाच्या दारावर टकटक करता येते, पक्ष्याच्या नाही. परवानगी मागायची कशी? पण नकार मात्र पक्षी स्पष्ट देतो. खाणे थांबवतो, मान उंच करतो, घरट्यावर यायचे टाळतो, तारेवर बसून ओरडतो. आमच्या बुलबुलने तो नकार रोज दुपारी दिला होता. आम्ही त्याला गाणे समजलो.

इथे आम्हाला आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण आम्ही नुसते बघणारे नाही, बघितले जाणारेही आहोत. १९८२ च्या जानेवारीत गिरणी-संप सुरू झाला तेव्हा आमच्या चाळीत वह्या घेऊन माणसे आली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर पुन्हा आली. घरात किती माणसे, कुणाचे काय गेले, स्वयंपाकाला काय शिजते असे विचारून, लिहून घेऊन गेली. त्यांतल्या काहींच्या लिहिण्याने न्यायाला हातभार लागला, ते आम्ही विसरणार नाही. काही मात्र पुन्हा कधीच दिसली नाहीत आणि त्यांनी काय लिहिले हे आम्हाला कधी कळले नाही. आजही रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडवर कॅमेरे येतात. खाणाऱ्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरणाऱ्याला ते लोक दिसतात की आधीच मनात असलेले चित्र दिसते, हे त्या घास घेणाऱ्याला बरोबर कळते. तो चेहरा बदलतो. मग कॅमेऱ्यात जे येते ते त्याचे नसते, कॅमेऱ्याचे असते. गोंबेतल्या केळ्यांसारखेच.

आपल्या लेखकांनी एवढ्यासाठीच तर लिहायला घेतले, की आपल्या घरातले दुसऱ्याच्या दुर्बिणीतून दिसते तसे नव्हे, आतून असते तसे सांगावे. पण ज्यांना तसे सांगता येत नाही त्या जिवांचे काय? ज्याला न विचारता बघितले जाण्याची बोच माहीत आहे, त्याने तरी दुसऱ्याकडे बघताना जास्त जपून बघायला हवे. आम्ही तसे बघतो का? शिवडीची टाळी आमच्याच घरातली होती.

म्हणून आम्ही आमच्यापुरते काही ठरवले आहे. कुणालाही कणभर न छेडता बघता येते, या भ्रमात राहायचे नाही. आपण श्वास घेतो, सावली पाडतो, कावळ्याला दिसतो. पण आपल्या असण्याने काय बदलले हे लिहून ठेवता येते, जसे त्या मुलाने आठ चिमण्या लपवल्या नाहीत, लिहिल्या. ज्ञानाच्या नावावर खर्च लपवणे हे आम्हाला मारण्याइतकेच वाईट वाटते. आणि ज्या दिवशी समोरचा नकार देईल त्या दिवशी काहीही न बघता परत यायची तयारी ठेवायची. सगळ्यांत अवघड हेच आहे. तिकीट काढलेले असते, मुलांना कबूल केलेले असते, कॅमेरा नवा असतो. सबर हा शब्द आपण नेहमी दुःखाच्या संदर्भात वापरतो. आनंद हाताशी असताना हात आवरणे हाही सबरच आहे, हे आम्हाला शिवडीच्या चिखलाने शिकवले.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या हल्लीच्या घराच्या खिडकीत, जाळीबाहेरच्या कुंडीत बुलबुलाने पुन्हा घरटे केले. नात सात वर्षांची. तिने मोबाइल आणला आणि म्हणाली, ‘‘आजोबा, एकच फोटो.’’ आम्ही समोरच्या इमारतीच्या टाकीकडे बघितले. कावळा होता. आम्ही खिडकीचा पडदा ओढला आणि तिला दादीची गोष्ट सांगितली. तिने विचारले, ‘‘मग आपल्याला कसे कळणार पिल्ले झाली का?’’

प्रश्न रास्त होता. आम्ही तिला पडद्याच्या अलीकडे जमिनीवर बसवले आणि ऐकायला सांगितले. दोन-तीन दिवस काही ऐकू आले नाही आणि ती रुसली. मग एका सकाळी आतून बारीक चिवचिव सुरू झाली. आई आली की वाढे, गेली की थांबे. तिने वहीत तारीख घातली आणि आवाज किती वेळा वाढला त्याच्या रेघा मारल्या. सुमारे बारा दिवसांनी आवाज बंद झाला. पडदा उघडला तेव्हा घरटे रिकामे होते. पिल्ले उडून गेली की कावळ्याने नेली, हे आम्हाला सांगता आले नाही. तिने वहीत तसेच लिहिले: माहीत नाही.